मोबाइलला कोणतं कुलूप लावावं? पिन, पॅटर्न, बोट की चेहरा

घराच्या दाराला कुलूप घ्यायचं असेल तर आपण दुकानात चार कुलुपं हातात घेऊन बघतो, चावी फिरवून बघतो. मोबाइलच्या कुलपाचं तसं होत नाही. फोन घेताना दुकानदाराने किंवा घरातल्या मुलाने जे सेट करून दिलं, तेच वर्षानुवर्षं चालतं. अम्मीच्या फोनला पॅटर्न, अब्बांच्या फोनला काहीच नाही, मुलाच्या फोनला बोट, मुलीच्या फोनला चेहरा. हे असंच का, असं विचारलं तर उत्तर बहुधा एकच येतं: "पहिल्यापासून तसंच आहे."

त्या फोनमध्ये बँकेचा ओटीपी येतो, किराण्याचे पैसे त्यातूनच जातात, घरातल्या बायकामुलींचे फोटो त्यात असतात. कुणाकडून किती उसने घेतले, कुणाला किती दिले, याचा हिशेबही व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्येच पडलेला असतो. म्हणून कुलुपाचे प्रकार कोणते, ते कसे चालतात आणि घरातल्या कुणासाठी कोणतं बरं, याची माहिती एका ठिकाणी देत आहोत.

आधी दोन प्रश्न

कुलूप निवडण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. पहिला: हा फोन कुणाच्या हाती लागू नये? रेल्वेतला चोर, दुकानात मागे उभा असलेला अनोळखी माणूस, कामावरचा सहकारी, की घरातलं लहान मूल? दुसरा: गरज पडली तर हा फोन कुणाला उघडता आला पाहिजे?

पहिल्या प्रश्नाचा विचार थोडेफार लोक करतात. दुसऱ्याचा जवळपास कुणीच करत नाही. अब्बा आयसीयूत असतात किंवा अल्लाहला प्यारे होतात, आणि घरात कुणालाच फोनचा पिन माहीत नसतो, तेव्हा तो प्रश्न समोर येतो. चांगलं कुलूप या दोन्ही प्रश्नांना उत्तर देतं.

पिन: सगळ्याच्या मुळाशी तोच

बोट किंवा चेहरा लावला की पिनची गरज संपली, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात बोट आणि चेहरा हे पिनवर बसवलेले शॉर्टकट आहेत. फोन रीस्टार्ट झाला की तो पिन मागतोच. बोट पाच वेळा चुकलं की आयफोन पिन मागतो. ४८ तास फोन उघडलाच नसेल तरीही मागतो. अँड्रॉइड फोनही ठरावीक काळाने पिन मागत राहतो. म्हणजे ज्याला पिन कळला त्याच्यासाठी बोट आणि चेहरा असून नसून सारखेच.

फोनमधली माहिती सांकेतिक रूपात बंद असते आणि तिची किल्ली पिनशी जोडलेली असते. याचा अनुभव आपण सगळ्यांनीच घेतला आहे, फक्त कारण माहीत नसतं. फोन रीस्टार्ट झाल्यावर पिन टाकायच्या आत कुणाचा कॉल आला तर नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. कारण नावांची यादी अजून बंदच असते. बरीच अ‍ॅप्सही त्या पहिल्या पिनआधी चालत नाहीत. रात्री फोन आपोआप अपडेट होऊन रीस्टार्ट झाला आणि सकाळी फजरची अजान देणारं अ‍ॅप गप्प राहिलं, तर कारण बहुधा हेच असतं.

चार आकडी पिनचे एकूण १०,००० प्रकार होतात, सहा आकडीचे १० लाख. ऐकायला १०,००० मोठी संख्या वाटते, पण लोक त्यातले मोजकेच वापरतात. २०१२ मध्ये इंटरनेटवर फुटलेल्या सुमारे ३४ लाख चार आकडी पासवर्डची मोजणी झाली. त्यात एकटा १२३४ जवळपास ११ टक्के निघाला, ११११ सुमारे ६ टक्के आणि ०००० सुमारे २ टक्के. म्हणजे कुणाचाही फोन हातात घेऊन हे तीन आकडे टाकून पाहिले तरी पाचातला एक उघडण्याची शक्यता.

आपल्या घरांमध्ये याला आणखी एक जोड असते, ती म्हणजे ७८६. गाडीच्या नंबरात, मोबाइल नंबरात, नोटेवर हा आकडा जपणारे खूप लोक आहेत, आणि पिनमध्येही तोच येतो: ०७८६, ७८६०, ७८६७८६. आकड्यावरची मोहब्बत समजू शकते, पण फोन कुणाचा आहे हे ज्याला कळलं तो पहिल्यांदा हाच आकडा टाकून बघेल. जन्माचं साल, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे यांचंही तेच. यातलं काही वापरत असाल तर आजच बदला.

चांगला पिन कसा असावा? सहा आकडी असावा, घरातल्या कुणाच्या तारखेशी जुळू नये, आणि यूपीआयचा किंवा एटीएमचा पिन तो नसावा. फोनचा पिन दिवसातून कितीतरी वेळा लोकांसमोर टाकला जातो. तोच पिन यूपीआयलाही असेल तर फोन उघडणाऱ्याला पैसेही मिळाले.

पॅटर्न: सोपा, पण दिसतो

नऊ ठिपक्यांवर रेघ ओढायची ही पद्धत अँड्रॉइडच्या पहिल्या फोनपासून, म्हणजे २००८ पासून आहे. ज्यांना आकडे लक्षात राहत नाहीत किंवा लिहिण्यावाचण्याची सवय नाही, अशा बुजुर्गांना ती आवडते. हात आपोआप वळतो.

किमान चार ठिपके जोडावे लागतात. एकूण ३,८९,११२ पॅटर्न होऊ शकतात, पण फक्त चार ठिपक्यांचे १,६२४ च होतात. त्यातही लोक ठरलेल्या वाटेनेच जातात. नॉर्वेतल्या एका विद्यापीठात २०१५ मध्ये सुमारे ४,००० पॅटर्न तपासले गेले. ४४ टक्के लोकांनी डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली होती, आणि ७७ टक्क्यांनी चारपैकी कुठल्या तरी कोपऱ्यातून. आपल्या नावाचं इंग्रजी अक्षर काढणारेही बरेच असतात.

पॅटर्नची मोठी अडचण म्हणजे तो दुसऱ्याला दिसतो. २०१७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांना दुसऱ्याचा फोन उघडताना फक्त एकदा बघायला दिलं. सहा ठिपक्यांचा पॅटर्न ६४ टक्के लोकांनी बरोबर ओळखला. सहा आकडी पिन मात्र साधारण ११ टक्क्यांनाच जमला. पॅटर्नची रेघ दिसू नये अशी सेटिंग केल्यावर ६४ चे ३५ टक्के झाले. त्याआधी २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काचेवर राहिलेल्या बोटाच्या तेलकट डागांवरूनच पॅटर्न ओळखून दाखवला होता.

तरीही घरातल्या कुणाला पॅटर्नच हवा असेल तर तीन गोष्टी करा. सेटिंगमध्ये जाऊन 'पॅटर्न दिसू द्या' हे बंद करा. किमान सात ठिपके घ्या आणि सुरुवात कोपऱ्यातून करू नका. फोनची काच अधूनमधून पुसत जा.

बोटाचा ठसा: वजू, मेंदी आणि झिजलेली बोटं

बोटाने फोन उघडणं २०१३ मध्ये आयफोन ५एस आल्यावर सगळीकडे रुळलं, आणि आता स्वस्त फोनमध्येही ते आहे. याचा खरा फायदा असा की सारखा पिन टाकावा लागत नाही, त्यामुळे तो कुणाला दिसतही नाही. सहा आकडी पिनचा कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी पिन सहा आकडी ठेवावा आणि वर बोट लावावं. कुणा अनोळखी माणसाचं बोट चुकून जुळण्याची शक्यता अ‍ॅपल कंपनी ५०,००० मध्ये एक सांगते.

पण बोटं सगळ्यांची सारखी नसतात. मालेगाव-भिवंडीत लूमवर काम करणारा कारागीर, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात जाळी ओढणारा खलाशी, गवंडी, बिडी वळणाऱ्या बायका, दिवसभर भांडी-कपडे करणाऱ्या गृहिणी यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. वय झालं की त्वचा कोरडी पडते आणि रेषा पुसट होतात. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून ज्यांना परत यावं लागतं, त्यांना फोनवरही तोच त्रास होतो.

काही साधे उपाय:

- वजू करून लगेच फोनला हात लावला तर तो उघडत नाही. कारण बहुतेक सेन्सर रेषांचे उंचसखल भाग वाचतात आणि पाणी ते भाग भरून टाकतं. बोट कोरडं करा, दोष फोनचा नाही.
- मेंदीचा नुसता रंग रेषा बदलत नाही, पण बोटाच्या टोकावर मेंदीचा थर सुकून राहिला असेल तर ठसा जुळत नाही. काही फोनमध्ये काचेखालचा सेन्सर बोटाचा फोटो काढतो. तिथे गडद रंगाचीही अडचण येऊ शकते. ईद किंवा लग्नाच्या आधी मेंदी लावणार असाल तर पिन आठवतोय ना, ते तपासून घ्या.
- एकच बोट दोनदा नोंदवा, शक्यतो एकदा सकाळी आणि एकदा काम करून आल्यावर. दोन्ही हातांचं एकेक बोट तरी नोंदवलेलं असावं. अंगठा झिजला असेल तर करंगळीशेजारचं बोट वापरून पाहा, त्याची झीज कमी असते.
- नवीन स्क्रीनगार्ड लावल्यावर जुने ठसे काढून पुन्हा नोंदवा. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० फोनवर काही सिलिकॉन कव्हर लावली की कुणाच्याही बोटाने फोन उघडत असल्याचं समोर आलं होतं. कंपनीने नंतर अपडेट देऊन ते दुरुस्त केलं. नवं गार्ड लावल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाचं बोट लावून पाहायला एक मिनिटही लागत नाही.

झोपलेल्या माणसाचं बोटही फोन उघडतं, हे विसरू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात सहा वर्षांच्या एका मुलीने झोपलेल्या आईचा अंगठा लावून सुमारे अडीचशे डॉलरची खेळणी मागवली होती. आपल्या घरातली मुलं यापेक्षा भोळी आहेत असं समजू नका.

चेहरा: नकाब, भावंडं आणि स्वस्त फोन

चेहऱ्याने उघडणारे फोन दोन प्रकारचे असतात, आणि हा फरक कळणं फार गरजेचं आहे. २०१७ च्या आयफोन एक्सपासून आलेला फेस आयडी चेहऱ्यावर न दिसणारे हजारो प्रकाशाचे ठिपके टाकून उंचसखलपणा मोजतो. डोळे उघडे आहेत आणि नजर फोनकडे आहे, हेही तो पाहतो. अनोळखी चेहरा चुकून जुळण्याची शक्यता कंपनी दहा लाखांत एक सांगते. पण जुळी मुलं, एकमेकांसारखी दिसणारी भावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत ही शक्यता वाढते, हेही कंपनीच सांगते.

बहुतेक स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये मात्र समोरचा साधा कॅमेरा फक्त चित्र पाहतो. काही फोन तर मालकाचा फोटो दाखवला तरी उघडतात. म्हणूनच गुगलने अँड्रॉइडमध्ये बोट आणि चेहऱ्याचे तीन वर्ग केले आहेत, आणि खालच्या वर्गातला चेहरा बँकेच्या अ‍ॅपला चालत नाही. आपला फोन कुठल्या वर्गातला, हे ओळखायची सोपी खूण आहे. फोन चेहऱ्याने उघडतो, पण बँकेचं अ‍ॅप चेहरा न घेता बोट किंवा पिनच मागतं, असं असेल तर तो चेहरा कच्चं कुलूप आहे.

नकाब घालणाऱ्या बहिणींसाठी बाहेर असताना चेहऱ्याचं कुलूप बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतं, आणि फोन उघडण्यासाठी रस्त्यात चेहरा उघडावा लागणं बरोबरही नाही. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये २०२२ पासून मास्क लावून फोन उघडायची सोय आहे. ती डोळ्यांभोवतीचा भाग पाहते. नकाबात भुवया आणि डोळ्यांच्या कडाही झाकल्या जात असतील तर तिच्यावर विसंबू नका. अशा वेळी बोटच सोयीचं. हातमोजे घालणाऱ्यांना पिन. नुसता हिजाब असेल तर अडचण येत नाही, कारण मोजला जातो तो चेहरा, केस नाहीत.

ठसा आणि चेहरा जातो कुठे?

"आपला अंगठा कंपनीकडे जाईल का?" "बेपर्दा चेहऱ्याचा फोटो कुठे साठेल का?" हे प्रश्न घराघरात विचारले जातात आणि ते रास्त आहेत. फोनमध्ये ठशाचं किंवा चेहऱ्याचं गणिती रूप साठवलं जातं. ते फोनच्या आतल्या वेगळ्या सुरक्षित भागात राहतं आणि बँकेच्या अ‍ॅपलाही मिळत नाही. अ‍ॅपला फोनकडून फक्त 'जुळलं' किंवा 'नाही जुळलं' एवढंच उत्तर जातं.

आधारचे ठसे ही वेगळी गोष्ट. ते सरकारी साठ्यात असतात आणि दुकानात किंवा बँकेच्या प्रतिनिधीकडे अंगठा लावला की तिथे तपासले जातात. फोनचं कुलूप बदलल्याने त्यांचं संरक्षण होत नाही. त्यासाठी आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून बायोमेट्रिक लॉक करता येतं आणि लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं.

कायद्याच्या नजरेत बोट आणि पिन

आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं. मात्र १९६१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बोटांचे ठसे देणं म्हणजे अशी साक्ष नव्हे, असं ठरवलं. तेव्हा मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता, पण आजही या विषयावरच्या वादात त्या निकालाचा आधार घेतला जातो.

पिन डोक्यात असतो. तो सांगायला लावणं म्हणजे साक्ष घेणं आहे का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती साक्ष ठरत नाही असं म्हटलं, तर दिल्लीतल्या एका विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येत नाही असं म्हटलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं आहे. तपासात फोन मागितला गेला तर वाद किंवा धक्काबुक्की करू नका. लेखी नोटीस मागा, फोन जप्त केल्याचा पंचनामा मागा आणि वकिलाला बोलवा.

बोट आणि चेहरा तात्पुरते बंद करायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते. अँड्रॉइडमध्ये पॉवर बटणाच्या मेनूत 'लॉकडाउन' हा पर्याय असतो, काही फोनमध्ये तो आधी सेटिंगमधून सुरू करावा लागतो. नव्या आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण एकत्र दाबून ठेवलं की पुढच्या वेळी फोन पिनच मागतो. गर्दीत किंवा प्रवासात झोप लागणार असेल तेव्हाही याचा उपयोग होतो.

घरात एकच फोन असेल तर

बऱ्याच घरांत अम्मीचा फोन हाच सगळ्यांचा फोन. शाळेचे मेसेज त्यावर, मुलांचा यूट्यूब त्यावर, बचत गटाचे पैसेही त्यावर. अशा वेळी मुलाचं बोट त्यात नोंदवणं हा सोपा मार्ग वाटतो, पण तो धोक्याचा आहे. बँकेच्या अ‍ॅपला बोट कुणाचं हे कळत नाही. फोनमध्ये नोंदवलेलं बोट असलं की पुरे.

त्यापेक्षा मुलाच्या हातात फोन देताना एकच अ‍ॅप समोर राहील अशी सोय वापरा. अँड्रॉइडमध्ये तिला अ‍ॅप पिन करणं म्हणतात, आयफोनमध्ये गाइडेड अ‍ॅक्सेस. मुलाला त्या अ‍ॅपच्या बाहेर पडायला पिन लागतो. काही अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा वापरकर्ता किंवा पाहुणा खातंही करता येतं.

नवरा-बायको आणि मोठी मुलं यांच्या फोनचा प्रश्न थोडा नाजूक आहे. "लपवण्यासारखं काही नसेल तर पिन सांग" हे वाक्य अनेक घरांत भांडणाचं मूळ होतं. सूरह नूरच्या २७व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय जाऊ नका असा हुकूम आहे, आणि ५८व्या आयतीत घरातल्या मुलांनीही आरामाच्या तीन वेळांना विचारूनच खोलीत यावं असं सांगितलं आहे. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत एकमेकांची टेहळणी करायला मनाई आहे. आजच्या घरात फोन ही तशीच एक खोली आहे. लहान मुलाच्या फोनवर आईबापाने नजर ठेवणं ही जबाबदारी आहे, आणि ते त्याला सांगून करावं. मोठ्या माणसाचा फोन झोपेत बोट लावून उघडणं याला टेहळणीच म्हणावं लागेल. आणीबाणीसाठी पिन सांगणं वेगळं आणि रोज फोन तपासणं वेगळं, हे एकदा घरात बसून बोललेलं बरं.

कुणी काय निवडावं

- कॉलेजात किंवा नोकरीला जाणारे, लोकल आणि एसटीने फिरणारे: सहा आकडी पिन आणि वर बोट. पिन गर्दीत टाकू नका.
- नकाब घालणाऱ्या महिला: सहा आकडी पिन आणि बोट. चेहरा बंद ठेवलेला बरा.
- कष्टाचं काम करणारे आणि बुजुर्ग: बोट लागत असेल तर दोन-तीन बोटं नोंदवा. नसेल तर लक्षात राहील असा पिन. तेही जमत नसेल तर रेघ न दिसणारा लांब पॅटर्न. कुलूपच नको, हे मात्र नको.
- दुकानदार: ज्या फोनवर यूपीआयचे पैसे येतात त्याचा पिन नोकराला माहीत असेल तर पेमेंट अ‍ॅपला वेगळं कुलूप आणि वेगळा पिन लावा.
- हज-उमऱ्याला जाणारे: परवान्यांचं नुसुक अ‍ॅप फोनमध्येच असतं. तिथल्या कोरड्या हवेत बोट लागलं नाही तरी अडायला नको म्हणून पिन पाठ हवा आणि तो सोबतच्या एका भरवशाच्या माणसाला माहीत असावा. फोन न उघडता दिसणाऱ्या आणीबाणीच्या माहितीत घरचा नंबर आणि औषधं भरून ठेवा.
- फोनमध्ये दुसऱ्यांची अमानत असणारे, म्हणजे मशिदीचा किंवा जमातीचा हिशेब, रुग्णांची माहिती, वकिलाची कागदपत्रं सांभाळणारे: अक्षरं आणि आकडे असलेला लांब पासवर्ड.

कुलुपाच्या बाहेर राहिलेल्या खिडक्या

दार पक्कं करून खिडकी उघडी ठेवण्यात अर्थ नाही. फोन बंद असतानाही पडद्यावर ओटीपी दिसत असेल तर चोराला फोन उघडायची गरजच काय? सेटिंगमध्ये जाऊन बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं करा.

दुसरी खिडकी सिम कार्डाची. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे येतो. सिमलाही पिन लावता येतो. आधी आपल्या मोबाइल कंपनीकडून सुरुवातीचा पिन विचारून घ्या. तीन वेळा चुकला तर पीयूके क्रमांक लागतो आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद होतं. व्हॉट्सअ‍ॅपची सहा आकडी 'टू-स्टेप' पडताळणीही सुरू करा.

फोन चोरीला गेला तर अँड्रॉइड असो वा आयफोन, दुसऱ्या फोनवरून आपल्या खात्यात जाऊन तो लॉक करता येतो. २०२४ पासून बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये फोन हिसकावून पळाल्याचं ओळखून आपोआप कुलूप लागायची सोय आली आहे. आयफोनमध्येही त्याच वर्षी चोरीविरोधी संरक्षण आलं. ते सुरू असेल तर घर किंवा कामाच्या ठिकाणापासून लांब असताना नुसत्या पिनवर खात्याचा पासवर्ड बदलता येत नाही. या दोन्ही सोयी सेटिंगमध्ये शोधून सुरू करा. त्यानंतर पोलिसांत तक्रार, बँकेला फोन आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय क्रमांक देऊन फोन ब्लॉक करणं, ही तीन कामं त्याच दिवशी करायची. हा १५ आकडी क्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो. आजच वहीत लिहून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कॉल करा.

आपल्या मागे हा फोन कोण उघडणार?

आता तो दुसरा प्रश्न. माणूस गेल्यावर त्याच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग त्याच्यावरचं कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वारसांची वाटणी, हा शरीअतचा क्रम सगळ्यांना माहीत आहे. कर्ज लिहून ठेवा, हे कुरआनच्या सर्वात मोठ्या आयतीत, म्हणजे सूरह बकराच्या २८२व्या आयतीत सांगितलं आहे. पूर्वी हे हिशेब वहीत असत आणि वही कपाटात मिळे. आज ते फोनमध्ये आहेत, आणि फोन बंद आहे. मरहूमवर कुणाचं किती देणं आहे, हे वारसांना कळणारच नाही. इद्दतीत बसलेल्या बेवेला विमा कुठला, खातं कोणत्या बँकेत, हे शोधावं लागेल. कंपनी किंवा दुकानदार पिनशिवाय नव्या फोनमधली माहिती काढून देऊ शकत नाही. रीसेट केला तर फोन वाचतो, पण आतलं सगळं पुसलं जातं.

उपाय अवघड नाहीत. फोनचा पिन आणि ईमेलचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. त्याची जागा बायकोला, मोठ्या मुलाला किंवा मुलीला सांगा. पिन बदलला की कागदही बदला. यूपीआयचा पिन त्यात लिहू नका. माणूस गेल्यावर त्याच्या यूपीआयवरून पैसे काढणं बरोबर नाही. बँकेला कळवून नॉमिनी आणि वारसांमार्फतच ते घ्यायचे. गुगल खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि अ‍ॅपल खात्यात 'लेगसी कॉन्टॅक्ट' अशी सोय आहे. आपल्यामागे माहिती कुणाला मिळावी, त्याचं नाव तिथे आधीच देता येतं. आणि देण्याघेण्याचा हिशेब मेसेजमध्ये न ठेवता महिन्यातून एकदा वहीत उतरवा.

येत्या जुम्म्याला घरातली सगळी माणसं जेवायला एकत्र बसतील तेव्हा सगळे फोन समोर ठेवा. १२३४, ७८६ आणि जन्मसाल असलेले पिन बदला, मुलांची बोटं काढा, पडद्यावरचे ओटीपी लपवा, आयएमईआय लिहून घ्या आणि ते पाकीट तयार करा. अर्ध्या तासाचं काम आहे.